नाव घालून मिळेल, टिंब फुकट

मराठीत एक सोय आहे. बाळाचं नाव ठेवतात, भांड्यावर नाव घालतात आणि काम पटलं नाही की नावं ठेवतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी ही तिन्ही कामं केली. दुसऱ्या कामासाठी ज्या दुकानात गेले त्याबद्दल हे लिहितेय. पहिलं आणि तिसरं ओघानं येईलच.

दुकान भांड्यांचं, सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात. दुकानाचं नाव सांगायचं म्हटलं तरी सांगता येणार नाही, कारण पाटीच नाही. होती ती २०१९ च्या पुरात गेली, पुन्हा केली नाही. आत भिंतीवर त्या पुराची रेघ मात्र तांबड्या ऑइलपेंटनं ओढून ठेवलीय, माझ्या डोक्याच्या वर वीतभर. दिवसभर लोकांची नावं कोरता आणि तुमच्याच दुकानाला नाव नाही, असं मी बोलून दाखवलं. "आवाज हाय की ताई," म्हणाले. खरंय. बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं तरी नाव घालायच्या मशीनची घरघर ऐकू येते. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ, कानावर पेन्सिल.

मला हवं होतं ते असं. नातवाच्या बारशाला येणाऱ्यांना द्यायला एक्कावन्न स्टीलच्या डब्या, प्रत्येकीच्या झाकणावर बाळाचं नाव आणि तारीख. शिवाय एक चांदीची वाटी. वाटी घरची, सासूबाईंचे पैंजण मोडून हुपरीहून करून आणलेली, बासष्ट ग्रॅम. तिच्यावर 'चि. अमुक यास आजीकडून' एवढंच. काम म्हटलं तर दीड दिवसाचं. पण बाळाचं नाव झिगा.

आता तुम्ही जसे अडखळलात तसे सगळेच अडखळतात. लेक ल्युब्लियानाला असते, जावई तिथलाच, स्लोव्हेनियाचा. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या बेचक्यातला देश. सगळे मिळून एकवीस लाखांच्या आसपास लोक. आपल्या एकट्या सांगली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला अठ्ठावीस लाख होते. आमच्या गल्लीत त्या देशाची ओळख एका वाक्यात आटोपते: "ट्रम्पची बायको तिकडचीच ना?" हो, तिकडचीच.

नाव कळलं त्या रात्री घरच्या ग्रुपवर काय काय झालं ते सगळं सांगत नाही. धाकट्या दिरांनी विचारलं, मुलगी झाली का? आपल्याकडे आकारान्त म्हटलं की रमा, उमा. तिकडं लुका, मिहा, याका, झिगा हे सगळे बापे. बास्केटबॉलवाला लुका डॉन्चिच तिकडचाच, हे भाच्यानं सांगितल्यावर दिरांचं समाधान झालं. नणंद म्हणाली, "झगा ऐकलाय, झिम्मा ऐकलाय, झिगा काय गं?" आमचे हे म्हणाले, "त्याला शाळेत तिकडंच जायचंय, तिकडं हसले नाहीत म्हणजे झालं."

मला मात्र नावाच्या बाबतीत चूक खपत नाही, आणि त्याला कारण आहे. मी एकतीस वर्षं पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. पासबुकात 'सुनीता' आणि आधारवर 'सुनिता' असलं की मुदत भरल्यावर बाई काउंटरवर रडकुंडीला येते आणि मी तिच्याबरोबर ॲफिडेव्हिट करत फिरते. एका वेलांटीपायी. त्यामुळे नातवाचं नाव एक्कावन्न ठिकाणी कोरून वाटायचं म्हणजे ते बिनचूकच हवं होतं.

आधी एका चकचकीत दुकानात गेले होते, लेझरवालं. तिथल्या मुलानं मान वर न करता सांगितलं, फाइल पाठवा, फॉन्ट सांगा, शंभराच्या खाली ऑर्डर घेत नाही. विषय संपला.

अण्णांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा वर केला, चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाले, "अर्थ काय?"

"तुम्हाला अर्थाशी काय करायचंय? चार अक्षरं घालायचीत."

"न्हाई ताई. अर्थ कळल्याबिगर हात वळत न्हाई. वळला तरी अक्षर मुर्दाड उमटतं."

हे या दुकानाचं पहिलं वैशिष्ट्य, आणि घाईत असाल तर पहिली अडचण. माझ्या पुढं एक गृहस्थ तांब्या घेऊन बसले होते, 'रियांश'चा अर्थ त्यांना सांगता येईना, अण्णा मशीन चालू करेनात. मी तिथूनच लेकीला व्हिडिओ कॉल लावला. इथले साडेअकरा, तिथले सकाळचे आठ. जावई कॉफीचा मग घेऊन समोर आला, लेक मधे बसून मराठी करायला. एरवी फोनवर तो मला फक्त "आई, जेवला?" एवढंच विचारतो, आणि तेही चुकीचं विचारतो. त्या दिवशी पाऊण तास बोलला. दुकानातली पाच-सहा माणसं स्टुलं ओढून ऐकायला बसली.

सुरुवात उच्चारापासून झाली. त्यांच्या लिपीत हे नाव झेडनं सुरू होतं, पण त्या झेडच्या डोक्यावर एक छोटी उलटी टोपी असते. तिला त्यांच्या भाषेत 'स्त्रेशित्सा' म्हणतात, म्हणजे छोटं छप्पर. छप्पर नसलं तर साधा झेड, छप्पर आलं की आवाज बदलतो. तो आवाज आपल्या झाडातल्या झ चा नाही आणि झिम्म्यातल्या झ चाही नाही. जावयानं युक्ती सांगितली: गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांब 'शऽऽ' म्हणा. बोटांना काही लागत नाही. आता तोंड तसंच ठेवून गळा घुमवा. बोटांखाली भुंगा फिरल्यासारखं झालं की तो आवाज. जीभ टाळूला टेकवायची नाही, टेकवली की आपला झ होतो. तांबेवाले गृहस्थ, मी, अण्णा आणि चहावाल्याचा पोरगा असे चौघं गळ्यावर बोटं ठेवून दुकानात शऽऽ करत होतो. पोराला सगळ्यात आधी जमलं.

मग अर्थ. झिगा हे लाडकं, तोडलेलं रूप. पूर्ण नाव झिगमुंड. आपल्याकडे ज्ञानेश्वराचा ज्ञाना आणि विश्वनाथाचा विशू होतो तसं. फरक इतकाच की तिकडं आता दाखल्यावरही नुसतं झिगा लावतात. मूळ नाव जर्मन घराण्यातलं, सिगिसमुंड. सिग म्हणजे विजय, मुंड म्हणजे रक्षण, राखणारा हात. "मुंड म्हंजे मुंडकं न्हवं?" अण्णांनी खात्री करून घेतली. नव्हे. मानसशास्त्रवाला फ्रॉइड सिग्मंड, पोलंडात झिग्मुंट, हंगेरीत झिगमोंड, सगळी एकाच नावाची भावंडं.

इथं मी मधे तोंड घातलं. मूळचा स आणि तुमच्याकडे हा घुमणारा आवाज, तो कुठून आला? जावई खूश झाला. म्हणाला, जुन्या जर्मनांचा स आमच्या पूर्वजांच्या कानांना तसाच ऐकू यायचा, त्यामुळे तिकडून आलेले बरेच शब्द असेच बदलले. त्यांच्याकडे करवतीला 'झागा' म्हणतात, ते जर्मन 'सेगं'च्या जुन्या रूपावरून. रेशमाला 'झिदा', तेही जर्मनांकडूनच, तसंच वळवलेलं. लेक हे मराठीत सांगेपर्यंत अण्णांनी मान डोलावली. "म्हंजे शिमिट," म्हणाले. सिमेंटचं शिमिट, सिनेमाचा शिनेमा. त्या दिवशी भाषाशास्त्राचं इतकं थोडक्यात उत्तर मला दुसरीकडे कुठं मिळालं नसतं.

आणखी एक गोष्ट जावयानं सांगितली ती मी वहीत लिहून घेतलीय. जर्मनांचा तो 'सिग' आणि आपल्या संस्कृतातला 'सह्' धातू, ज्यावरून सहस् म्हणजे बळ आणि पुढे साहस, ही दोन्ही एकाच प्राचीन मुळाची पालवी. म्हणजे इतक्या लांबून आलेलं हे नाव अर्ध्यावर आपल्या ओळखीचं निघालं. त्यांच्या भाषेत द्विवचनही अजून बोलण्यात जिवंत आहे. आम्ही दोघं वेगळं, आम्ही सगळे वेगळं. आपण ते संस्कृतच्या पेपरापुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं.

"आन् हे नाव आधी कुणाचं हुतं?" अण्णांचा दुसरा प्रश्न.

बर्गंडीचा राजा सिगिसमुंड, इसवी सनाच्या सहाव्या शतकातला. त्यानं आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या सेंट मॉरिसच्या जागी ५१५ साली मठ उभा केला, आणि तिथं साधूंच्या तुकड्या पाडून रात्रंदिवस देवाचं गाणं चालू ठेवलं. एक तुकडी थकली की दुसरी उभी, गाणं खंडत नाही. लेक 'तुकड्या' म्हणाली आणि अण्णांचा हात माळेवर गेला. "पहारं म्हण की! वीणा खाली ठेवायची न्हाई." अखंड हरिनाम सप्ताहात वीणेकरी बदलतात, वीणा जमिनीला टेकत नाही, तेच. त्यानंतर अण्णांचा त्या नावाकडे बघण्याचा रागरंगच बदलला.

त्या राजाची उरलेली गोष्ट मी दुकानात सांगू दिली नाही, लेकीला डोळ्यांनी गप्प केलं. मुलाच्या सावत्र आईनं कान भरले म्हणून त्यानं स्वतःच्या मुलाला मारवलं. मग पश्चात्ताप करत त्याच मठात जाऊन बसला. शेवटी फ्रँक नावाच्या शत्रू टोळ्यांच्या हाती सापडला, त्यांनी मारून विहिरीत टाकला. आपल्याकडे सुरुचीनं ध्रुवाला नुसतं मांडीवरून उतरवलं तरी आपण अजून तिला बोल लावतो. पुढे लोकांनी या राजाला संत मानलं. त्याचा स्मरणदिन १ मे. स्लोव्हेनियात १ आणि २ मे या दोन्ही दिवशी सरकारी सुट्टी, आणि कॅथलिक घरांत ज्याच्या त्याच्या नावाच्या संताचा दिवस वाढदिवसासारखा करायची रीत. जावयाला रजा त्यामुळेच जोडून मिळाली आणि बारसं महाराष्ट्र दिनाला ठरलं. मुहूर्त कुणी काढला म्हणून विचारणाऱ्यांना मी बर्गंडीच्या राजाचं नाव सांगते.

नावाचे इतर मानकरी थोडक्यात. हंगेरीचा राजा आणि पुढे सम्राट झालेला सिगिसमुंड १३९६ साली निकोपोलिसच्या लढाईत तुर्कांकडून हरला, तेव्हा त्याचा जीव वाचवणाऱ्यांत आजच्या स्लोव्हेनियातल्या त्सेल्येचा सरदार हेरमान होता. पुढे राजानं हेरमानच्या मुलीशी, बार्बराशी लग्न केलं. जावयाचं आजोळ त्सेल्येचं, त्यामुळे ही गोष्ट तो घरचीच असल्यासारखी सांगतो. त्या घराण्याच्या तीन चांदण्या आज देशाच्या राजचिन्हावर आहेत. दुसरा झिगा हेरबेरश्टाइन, १४८६ साली विपावात जन्मला. लहानपणी स्लोव्हेन बोलतो म्हणून पोरं त्याला चिडवायची. मोठेपणी राजदूत म्हणून मॉस्कोला गेला तेव्हा तीच भाषा कामी आली, कारण रशियन तिची चुलत बहीण. तिथली हकिगत त्यानं १५४९ साली छापली.

तिसरा माझा लाडका. बॅरन झिगा झोइस, १७४७ ते १८१९, लोखंडाच्या भट्ट्यांचा मालक. स्लोव्हेन लिहिणाऱ्या मंडळींना त्यानं पैसा, पुस्तकं आणि घर सगळं मोकळं केलं. त्याला दगड जमवायचा नाद. १८०५ साली एका खनिजाला त्याच्या नावावरून झोइसाइट म्हणू लागले. त्याच खनिजाची निळी जात १९६७ साली टांझानियात सापडली, ती सराफाकडे टांझानाइट म्हणून मिळते. जावयानं लेकीला साखरपुड्याला दिलेली अंगठी टांझानाइटची. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, हिरा नाही परवडला वाटतं. आता कळलं, त्या पोरानं नाव तेव्हाच ठरवलं होतं. त्या झोइसची पदवीही 'एडलश्टाइन', म्हणजे जर्मनमध्ये रत्न.

आणि फोन ठेवता ठेवता जावयानं एक गंमत टाकली. त्यांच्या भाषेत 'झिग' म्हणजे शिक्का. पोस्टाचा, सरकारी, कुठलाही. 'झिगा' म्हणजे शिक्क्याचा. नावाशी संबंध नाही, नुसता योगायोग. पण एकतीस वर्षं शिक्क्यांच्या धपाधपीत काढलेल्या बाईला नातू 'शिक्क्याचा' निघावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एवढं सगळं ऐकून घेऊन अण्णा कामाला लागले. इथपर्यंत पाच स्टार होते.

आधी अक्षर ठरवायचं होतं. शिगा लिहावं तर घुमत नाही, जिगा लिहावं तर जिगरी दोस्ताचं तोडलेलं नाव वाटतं. अण्णा म्हणाले, "उर्दूवानी खाली टिंब देऊ का झ ला?" मी म्हटलं, नको, टिंब नको, लोक वाचताना अडखळतात, साधं झिगा घाला. चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं. फोनवर त्यांना मूळ स्पेलिंगही दाखवलं, टोपीवाल्या झेडचं. ते त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. मी मंडईत गेले. पाऊण तासानं परत आले तर अकरा झाकणं तयार, ओळीनं लावलेली, आणि प्रत्येकावर सुरेख, घोटीव अक्षरात:

चि. झिंगा. बारसं. १ मे.

माझा नातू, विजय आणि रक्षण, बर्गंडीचा राजा, मी भाजी आणेपर्यंत कोळंबी झाला होता.

मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "कसं झालंय?" झालं होतं अप्रतिम, हेच तर दुखणं. मी टिंबावर बोट ठेवलं. त्यांनी चिठ्ठी बघितली, झाकण बघितलं, पुन्हा चिठ्ठी. मग शांतपणे: "तुमी टिंब टिंब करत हुता नव्हं, खाली नको म्हनला, म्हून वर गेलं." आणि वर, "झिंगा म्हंजे काय ते मला माळकऱ्याला कशाला ठावं?"

दुकानात दर लिहिलाय पुठ्ठ्यावर: इथून घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट, बाकी मजकूर अक्षराला चार रुपये, काना मात्रा वेलांटी टिंब मोफत. मी त्या 'मोफत'कडे बोट दाखवलं. ते हसले, मी हसले नाही. स्टीलवर एकदा मशीन फिरलं की खोडता येत नाही. बफ मारून घालवायला गेलं तर पांढुरका डाग उरतो आणि त्या डागातूनही टिंब दिसतंच. एक डबी तशी करून बघितली, ती आणखी वाईट दिसायला लागली. बारसं चार दिवसांवर, एक स्टार तिथंच कापला मी मनात.

मग त्यांनी केलं ते बघण्यासारखं होतं. झाकण हातात धरून अंगठ्यानं फिरवलं, मशीन चालू केलं आणि टिंबावर सुई टेकवून एक तिरपी रेघ डावीकडे वर, एक उजवीकडे वर. दोन सेकंद. पाखरानं पंख पसरावे तसं टिंब त्या दोन रेघांच्या मुळात गडप. "घ्या तुमच्या जावयाची टोपी," म्हणाले. झेडवरची ती उलटी टोपी त्यांनी फोनवर एकदाच बघितली होती. ती झ च्या माथ्यावर, जराशी उजवीकडे कललेली, बसली होती.

मी एक डबी तशीच, टिंबासकट, बाजूला ठेवायला सांगितली. पुरावा म्हणून. उरलेल्या दहांना टोप्या घातल्या आणि मग पुढच्या चाळीसांना सुरुवातीपासूनच घातल्या, म्हणजे सगळ्या सारख्या. टोपीचे पैसे लावले नाहीत. लावले असते तर दुसरा स्टारही गेला असता.

वाटीच्या वेळी मात्र मी जागची हलले नाही. चांदीवर ते मशीन चालवत नाहीत, हातानं कोरतात. वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर वाटी आडवी ठेवली, पेन्सिलीनं हलकं लिहून घेतलं, मग बारीक टोकाची छिन्नी अंगठ्याच्या जोरावर पुढं ढकलत, हात स्थिर आणि वाटीच फिरवत. चांदीचा केसाएवढा कीस निघतो, तो ते फुंकत नाहीत, ब्रशनं गोळा करून कागदाच्या पुडीत घालून तुमचा तुम्हाला परत देतात. सगळ्या अक्षरांची अंगं झाल्यावर शेवटी एका दमात शिरोरेषा ओढली. मी विचारलं, ही आधी का नाही ओढत, शाळेत तर आम्ही तशीच रेघ मारून घ्यायचो. "छप्पर शेवटी चढवायचं," म्हणाले. हाताच्या कामाचे अक्षराला बारा रुपये. महाग नाही, सांगलीत हे काम करणारं आता किती जण आहेत ते शोधून बघा.

बाकीच्या तक्रारी पटकन. शनिवारी देतो म्हणून मंगळवारी दिलं, 'उद्या या' हे तिथं नमस्कारासारखं म्हणतात. माझ्या रिक्षाच्या दोन खेपा वाया. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. डब्यांच्या तळाला कंपनीचा स्टिकर इतका चिवट की एक्कावन्न डब्या खोबरेल लावून नखानं खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. दुकानदारानं तो काढून द्यायला काय हरकत आहे? आणि तीन झाकणांवर टोपीच्या रेघा इतक्या गोल झाल्यात की अर्धचंद्र वाटतो. त्यातली एक नेमकी आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरांकडे गेली, त्यांनी चंद्रबिंदू समजून अनुनासिकासकट 'झिँगा' असं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. डबी ऐंशी रुपयांना एक पडली, झाकण घट्ट बसतं, पत्रा पातळ नाही. तेवढं बरं.

बारशाचं सांगायलाच हवं, कारण अण्णांनी निरोप धाडला होता की कानात नाव कसं सांगितलं ते कळवा. आत्या मारिबोरला. तिकडं तीस एप्रिलच्या रात्री गावोगाव होळीसारख्या मोठ्या शेकोट्या पेटवतात, ती त्या जागरणातून उठलेली, केस विस्कटलेले, आणि फोनवर. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळ पाळण्यावरून-खालून फिरवून झालं, मग लेकीनं मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. आत्यानं हळूच नाव सांगितलं. सगळ्यांनी कुर्रर्र करून धपाटे घालायचे ते मोबाइलच्या पाठीवर घातले. तो घुमणारा आवाज त्या घरात बिनचूक तेव्हा एकदाच निघाला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं त्याचा झिग्या केला. आपल्याकडे ज्याच्यावर जीव जडतो त्याच्या नावाला 'या' लागतो, त्यावर उपाय नाही. जावयाला आधी वाटलं आम्ही नाव विसरलो.

झाकणावरची टोपी बघून जावई खुर्चीतून उठलाच. "स्त्रेशित्सा!" म्हणून त्यानं डबी आईला फोनवर दाखवली, कॅमेऱ्याच्या इतकी जवळ नेली की तिला नुसतं स्टील दिसलं. कुणी घातली म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका माळकऱ्यानं, चुकून. परत जाताना त्याला अण्णांना भेटायचं होतं, गेलोही, पण दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, उद्या या.

तर साडेतीन स्टार. एक टिंबासाठी कापला, अर्धा 'उद्या या'साठी. हाताच्या कामाला जायचं असेल तर डोळे झाकून जा. मशीनच्या कामाला जाल तर मजकूर लिहून द्या, टिंब हा शब्द तोंडातून काढू नका आणि मंडईचं काम आधी उरकून या. नावाचा अर्थ मात्र पाठ करून जा, नाहीतर स्टुलावर बसून राहाल. तांबेवाले गृहस्थ मी निघाले तेव्हाही बसलेलेच होते.

टिंबासकटची ती एक डबी अजून माझ्या फडताळात आहे. तिच्यात मी सोडे ठेवते.